दोन मालकीची, मधे एक भाड्याचं

एका घराला सिमेंटच्या पिशव्या किती लागतात, हे मी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. माणसं किती आणि डोकेदुखीच्या गोळ्या किती, हे मात्र कोणी एस्टिमेटमध्ये लिहीत नाही. आमच्या वरठीच्या कॉलनीचं तसंच झालं. काम चालू होतं तेव्हा प्रत्येक भानगडीवर डोकं धरून बसायची मी. आता चार लोक जमले की तेच सांगा म्हणतात. रडत जमवलेले हसत वाटायचे, असे हे किस्से!

मी या कॉलनीची साईट इंजिनीअर. मूळची भंडाऱ्याची, तापट म्हणून प्रसिद्ध. कारखान्यातले कामगार, दोन-चार मास्तर आणि काही शेतकरी यांनी मिळून एक सहकारी सोसायटी काढली होती. ज्यांना झेपेल त्यांनी घर विकत घ्यायचं, आणि ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी सोसायटीनेच भाड्याची घरं बांधायची. भाडं परवडणारं, आणि मुख्य म्हणजे दर अकरा महिन्यांनी "खोली खाली करा" म्हणणारं कोणी नाही. कागदावर एवढंसंच होतं सगळं. मग आम्ही कामाला लागलो!

*

जमीन दिली सेलोकर काकांनी. धानाची शेती, कडेला स्वतःची बोडी, म्हणजे छोटं तळं. योग्य भावात जमीन दिली, पण एक अट घातली, "बोडी बुजवाची नाही." आम्ही माना डोलावल्या.

पुढे पहिल्या नकाशात नेमकी बोडीवर पार्किंग आली. काकांना कोणीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मापं घ्यायला गेले तर काका बोडीत! उन्हाळ्याने पाणी घोट्याएवढं राहिलेलं. मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची, डोक्यावर छत्री, पाय पाण्यात.

"काका, बाहेर या. ऊन लागेल!"

"तू तुह्यं काम कर बाई. मी बसून राहिलो."

तीन दिवस! सकाळी येत, दुपारी जेवायला जात, परत येऊन बसत. गावात बोभाटा झाला की सेलोकर सत्याग्रहाला बसले. मी दोन रात्री जागून नकाशा बदलला. पार्किंग रस्त्याकडे नेली, छपरांचं पावसाचं पाणी उलट बोडीतच सोडलं. नवा नकाशा घेऊन गेले, चिखलात उभी राहिले आणि हात जोडले.

काकांनी नकाशा उलटासुलटा पाहिला, घडी घातली आणि म्हणाले, "चांगला हाये. पन बाई, मी तं मासोळ्या धराले बसलो होतो!"

ते खरं की खोटं, मला आजही माहीत नाही. एवढं खरं की आता कॉलनीच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं.

*

घरांचा आराखडा नागपूरच्या एका तरुण आर्किटेक्टने केला होता. हुशार मुलगा. मीटिंगमध्ये पडदा लावून चित्रं दाखवली. पुढच्या ओळींत हिरवी घरं, ती मालकीची. अगदी मागे, नाल्याला लागून, पिवळी घरं. ती भाड्याची.

मीटिंगला देवकाबाई होत्या. यांची ओळख करून द्यायला हवी. वरठीत मेस चालवतात, कारखान्यातल्या माणसांचे डबे करतात. नवरा कारखान्यात कंत्राटावर. लग्नापासून अकरा खोल्या बदलल्या. एकदा तर म्हणे, दाराशी लावलेल्या वांग्यांना फुलं आली आणि मालकाने खोली मागितली. भाड्याच्या घरासाठी पहिला अर्ज त्यांचा.

त्यांनी विचारलं, "हे पिवळे घर कायले मागं ठेवले जी?"

आर्किटेक्ट म्हणाला, "मावशी, ते सेगमेंट वेगळं आहे. प्रायव्हसीसाठी."

"कोनाची?"

तो पडद्यावरचं पुढचं चित्र लावायला लागला. तेव्हा देवकाबाई शांतपणे म्हणाल्या, "आज तुमी जे जेवले, ते मीच केलं. आवडलं म्हनत होते. तवा नाही विचारलं कोन्या सेगमेंटचं हाये!"

हॉल हसून हसून लोटपोट. पोरगा मात्र दिलाचा मोठा. त्याने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगा, कशी लावू?"

देवकाबाईंनी बोटांवर मोजत सांगितलं, "दोन मालकीचे, मंदात एक भाड्याचं. पुन्हा दोन, मंदात एक. पऱ्हे लावतो ना आपन, तशी ओळ धराची." पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. तोच नियम झाला. काहींनी नाकं मुरडली, पण ठराव पास! त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की आता ही ओळ मोडू द्यायची नाही.

*

आमचे दशरथ मिस्त्री. हात सोन्याचा, पण मशीनवर काडीचा विश्वास नाही. बी-लाइनची, म्हणजे घरांच्या दुसऱ्या ओळीची, जमीन सपाट झाली की नाही हे पाहायला मी लेव्हलचं यंत्र लावलं. मिस्त्री दुरून पाहत होते.

"मॅडम, ह्या दुर्बिनीतून काय दिसते?"

"जमीन कुठे उंच, कुठे खोल, ते."

"त्याले दुर्बीन कायले? पानी सोडाचं. पान्यापेक्षा मोठी लेव्हल मशीन कोनती?"

आता मिस्त्री अर्धे गवंडी, अर्धे शेतकरी. धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, अशीच पाहतात. बांध घालायचा, पाणी भरायचं, ढेकूळ उघडं पडलं की तिथे उंच. मी म्हटलं, करा. आणि त्याच दुपारी मंजुरीच्या कामासाठी भंडाऱ्याला गेले. तिथे चार दिवस अडकले. मधे पाऊसही झाला.

परत आले तर बी-लाइन हिरवीगार!

धानाची रोवणी झाली होती. पूर्ण प्लॉटवर, ओळीत, सुरेख. मला वाटलं आपण चुकीच्या साईटवर आलो. मी ओरडले, "हे कोणी केलं?"

सेलोकर काका पुढे आले. जराही लाज नाही. "बाई, माह्या घरचे पऱ्हे उरले होते. अन् इथं पानी उभं, बांधी खाली. पानी उभं असताना बांधी खाली ठेवाची? पाप लागते!"

"अहो, इथे घरं व्हायची आहेत!"

"होतीन ना. पयले धान तं होऊ दे."

मी मजुरांना म्हटलं, उपटा. एकानेही हात लावला नाही. बाया म्हणाल्या, रोजी कापा, पण उभं धान नाही उपटणार. दशरथ मिस्त्री तर पाठ फिरवून विडी ओढत बसले. काय करणार? मी दात-ओठ खात सी-लाइन आधी घेतली. हरायचं नाही म्हटल्यावर वाट बदलावी लागते.

पुढे सप्टेंबरच्या शेवटी मोठे साहेब पाहणीला आले. फाईल उघडून गंभीरपणे विचारलं, "बी-लाइनचं काम कोणत्या स्टेजला आहे?"

मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री छाती पुढे काढून म्हणाले, "निसवलं, साहेब! लोंब्या बाहेर पडल्या!"

*

नळाची गंमत वेगळी. भाड्याच्या घरांना स्वतंत्र नळ हवे होते. एका कार्यालयात फॉर्म भरायला मी आणि देवकाबाई गेलो. (कार्यालयाचं नाव सांगत नाही, अजून माझी कामं असतात तिथे.) फॉर्मवर रकाना एकच, मालकाचं नाव.

बाबू म्हणाले, "भाडेकरू म्हणजे तात्पुरता माणूस. तात्पुरत्याला कायमचा नळ कसा देणार?"

मी नियम सांगितले, ठराव दाखवला. बाबू हलेनात. माझा पारा चढायला लागला तशी देवकाबाईंनी माझा हात दाबला आणि गोड आवाजात विचारलं, "साहेब कोनत्या गावचे जी?"

"अमरावतीकडचा. बदलीवर आलोय."

"मंग इथं राहता कुठी?"

"क्वार्टरमध्ये."

"क्वार्टर तुमच्या मालकीचं हाये का?"

"छे! सरकारी."

"म्हंजे तुमी बी तात्पुरतेच!" देवकाबाई म्हणाल्या. "आंघोळ कशी करता जी, नळ नसंन तं?"

मागच्या टेबलावरचे सगळे फिस्सकन हसले. बाबूही हसले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पेन घेऊन त्यांनी 'मालक' या शब्दापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'अथवा राहणारा'.

*

भाड्याच्या घरासाठी चिखल्याहून एक अर्ज आला. बिसनदादा, मँगनीजच्या खाणीतून निवृत्त. जन्म जमिनीखाली काढलेला माणूस. कामगार वसाहतीतलं क्वार्टर सोडायचं होतं. मुलगी वरठीत दिली, तिच्याजवळ राहायचं म्हणत होते.

मी त्यांना रिकामी घरं दाखवत फिरले. लोक खिडक्या पाहतात, ओटा पाहतात. हे प्रत्येक घरात जाऊन मधोमध उभे राहत आणि टाच आपटत. कान देऊन ऐकत. पुढच्या घरात पुन्हा टाच.

मला राहवेना. "दादा, फरशी पक्की आहे हो!"

"फरशी नाही पाहून राहिलो मॅडम," ते म्हणाले. "जिंदगीभर दुसऱ्याच्या पायाखाली होतो. आता माह्या खाली कोनी नाही ना, तेवढं पाहून घेतो."

त्यांनी सी-लाइनमधलं घर घेतलं.

*

आता भोयर सर. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, स्वभाव कडक. सगळ्यांच्या आधी पैसे भरून त्यांनी कोपऱ्याचं घर घेतलं. "कॉर्नरची शान वेगळी!" मी सांगून पाहिलं की सर, तो कोपरा पश्चिमेचा आहे, भंडाऱ्याचं ऊन विसरू नका. पण ऐकतील ते मास्तर कसले?

लोक राहायला आले आणि लगेच मे उजाडला. सर थर्मामीटर घेऊन घरोघर. मधल्या घरांना दोन्हीकडून शेजार, मागे बोडीचा वारा, वर चुन्याचं पांढरं छत. सगळ्यात गार घर कोणतं निघालं? देवकाबाईंचं! सगळ्यात गरम? बोलायलाच नको.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी सर देवकाबाईंच्या ओसरीत पेपर वाचत बसलेले. थर्मामीटर खिशात. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहिलं की तो बाहेर काढून डोळ्यांपुढे धरायचा!

मी एकदा विचारलंच, "सर, काय चाललंय?"

"प्रयोग," सर म्हणाले. "निरीक्षणं अपुरी आहेत."

निरीक्षणं पहिला पाऊस पडेपर्यंत चालली. देवकाबाई रोज चहा देत होत्या.

*

त्याच सरांनी पावसाळा संपता संपता अर्ज दिला. भिंतीचा!

भाड्याची घरं ओळीतून काढता येत नाहीत, तर निदान अंगणांमधून भिंत घाला आणि भाडेकरूंना मागून वेगळं गेट द्या, असा तो अर्ज. चांगल्या चौदा सह्या होत्या. मी तडक सरांकडे गेले आणि भांडले.

सर ओरडले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "माझ्या मुलाचं लग्न जमत नाही, मॅडम. दोन ठिकाणांहून नकार आला. लोक विचारतात, शेजार कसा आहे? भाडेकरू आहेत म्हटलं की तोंड फिरवतात. मी बाप आहे. काय करू?"

भांडायला गेलेली मी, तशीच परत फिरले.

देवकाबाईंना कळलं तेव्हा त्या भांडी घासत होत्या. हात थांबला नाही. "भिंत झाली तं मी जाईन. भिंतीमागं राहाले अख्खं वरठी पडलं हाये. त्याच्यासाठी इथं कायले राहू?" अकरा खोल्यांनंतर घर मिळालं, आणि आता पुन्हा बारावी खोली! मी त्या रात्री घरी जाऊन रडले, मग डोळे पुसून चौदा सह्यांची यादी घेतली आणि एकेक दार वाजवायला लागले. पाच जणांना परत वळवलं. नऊ राहिले. उरलेली कॉलनी काठावर, जिकडे पारडं झुकेल तिकडे जाणारी. निर्णयाची सभा ठरली मंडईच्या दुसऱ्या दिवशी.

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. प्रत्येक गावाची ठरलेल्या दिवशी. घरोघरी पाहुणे येतात, दुकानं लागतात, आणि सोयरिकीसुद्धा तिथेच जुळतात. आमच्या कॉलनीची ही पहिलीच मंडई. सेलोकर काकांचा हट्ट! "मंडई नाही तं गाव कायचं?"

आता मंडईचा एक रिवाज आहे. दारात आलेल्या पाहुण्याला आधी पाणी, मग ताट. तू कोणाचा, कोणाकडे आलास, हे विचारत नाहीत. आणि ताटावर बसलेल्याला उठवणं तर महापाप.

दुपारी मी देवकाबाईंकडे वडे तळत होते. दारात चार माणसं आली. एक आजी, एक जोडपं, एक काका. नवे कपडे, धुळीने भरलेले पाय. देवकाबाई म्हणाल्या, "या, बसा." पाणी दिलं. ताटं वाढली. वडाभात, पातोडीचा रस्सा.

दुसरा घास घेता घेता आजी म्हणाली, "आमी आंधळगावचे जी. मध्यस्थ गर्दीत चुकला. घरधनी दिसत नाही?"

माझ्या हातातला झारा थांबला. आंधळगावचे पाहुणे सरांकडे येणार होते, मुलगी द्यायची की नाही ठरवायला! ते रेल्वेने येतील म्हणून सर केव्हाचे स्टेशनवर उभे होते, आणि सरांच्या घरच्या बाई कोपऱ्यावरच्या घरात वाट पाहत होत्या. आमच्या सगळ्या घरांची दारं एकसारखी. यांना उघडं दिसलं ते देवकाबाईंचं.

मी देवकाबाईंकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. उद्या ज्याच्या अर्जावर घर जाणार, त्याचेच पाहुणे समोर जेवत होते. एक शब्द बोलल्या असत्या तर सरांची सोयरीक तिथेच मोडली असती.

"येतेतच," देवकाबाई म्हणाल्या आणि आजीच्या ताटात अजून एक वडा टाकला. मग हळूच मला, "मॅडम, सरांले फोन लावा."

आजी जेवता जेवता घर पाहत होती. मागचं दार उघडून बोडी पाहिली. ओट्यावर हात फिरवून बोट पाहिलं. माठातलं पाणी पिऊन मान डोलावली. "वारा चांगला येते. पोरगी सुखात राहीन."

तेवढ्यात सर पोचले. स्टेशनपासून सायकल मारत आलेले, घामाघूम. उंबऱ्यात उभे. अर्जाची प्रत उद्याच्या सभेसाठी सदऱ्याच्या खिशात ठेवलेली, वरून दिसत होती.

आजी खुश होऊन म्हणाली, "या सर! आमी तं बसलो बी जेवाले. घर पाहून मन भरलं जी. आमच्याकून होकार समजा. फक्त एक इचारतो. ह्या कालनीत भाड्याचे लोक बी रायतेत म्हनतेत. ते कोन्या बाजूले?"

तेल कढईत कडकडत होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग देवकाबाईंकडे. देवकाबाई खाली पाहून भात वाढत होत्या. एक हात पुढे करून "तिकडे मागे" म्हणायचं होतं, बस्स. लग्न पक्कं होतं.

सरांनी घाम पुसला.

"आजी," ते म्हणाले, आणि जन्मभर वर्गात प्रमाणभाषा बोललेला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आमच्यापुढे घरच्यासारखा बोलला, "तुमी त्याहीच्याच घरी जेवून राहिले."

आजीने हातातल्या वड्याकडे पाहिलं. देवकाबाईंकडे पाहिलं. ओट्याकडे, माठाकडे, उघड्या दारातून दिसणाऱ्या बोडीकडे. मग ताट पुढे सरकवलं.

"मंग भात टाक बाई अजून. अन् सरांले बी वाढ, उभे कायले ठेवलं?"